गेमचं कव्हर: पोरं मला वारंवार विचारतात ते प्रश्न

राजारामपुरीतल्या एका खोलीत बसून मी इंडी गेमची, म्हणजे छोट्या स्वतंत्र मंडळींनी बनवलेल्या गेमची, कव्हरं काढतो. म्हणजे स्टीम, इच (दोन्ही गेमची ऑनलाइन दुकानं) किंवा प्ले स्टोअरवर गेमच्या नावाने जे चित्र दिसतं, ते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतली गेम बनवणारी पोरं-पोरी व्हॉट्सॲपवर तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच टाइप करतो. अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

कव्हर म्हणजे नक्की कुठलं चित्र? एकच काढलं तर भागत नाही का?

भागत नाही. स्टीमवर एका गेमला बरीच चित्रं लागतात, त्यांना तिथे कॅप्सूल म्हणतात. सध्याची मापं पिक्सेलमध्ये अशी आहेत: हेडर ९२० × ४३०, स्मॉल ४६२ × १७४, मेन १२३२ × ७०६, उभं ७४८ × ८९६. गेम विकत घेतल्यावर ग्राहकाच्या लायब्ररीत दिसणारं उभं चित्र ६०० × ९००. त्याच लायब्ररीत गेमच्या पानाच्या माथ्यावर ३८४० × १२४० चा भला मोठा पट्टा असतो. त्यावर एकही अक्षर नको, नाव वेगळ्या पारदर्शक पीएनजीत द्यायचं. जुन्या लेखांत ४६० × २१५ किंवा ६१६ × ३५३ असे आकडे सापडतील. ते आताच्या निम्मे आहेत, त्यांच्या नादाला लागू नका.

आडवं, उभं आणि चिंचोळं हे तिन्ही एकाच चित्रातून कात्री लावून निघत नाहीत. चिंचोळ्यात माणसाचं डोकं उडतं, उभ्यात दोन्ही बाजू रिकाम्या होतात. म्हणून पहिल्या दिवसापासून माणूस, मागचा देखावा आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर ठेवा आणि प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करा. सगळे लेयर एक करून फाइल सेव्ह केली आणि मग रात्री अडीचला फोन आला, असे गडी मी पाहिलेत. एकदा तो गडी मीच होतो.

गेम भारी असेल तर लोक येतातच की. कव्हरवर एवढा जीव कशाला टाकायचा?

तुमचा ट्रेलर, स्क्रीनशॉट, वर्णन हे सगळं गेमच्या पानावर आत असतं. आत यायच्या आधी माणसाला दिसतो फक्त एक लहानसा चौकोन, तोही दुसऱ्या वीस चौकोनांच्या रांगेत. त्या चौकोनाला आवाज नाही, हालचाल नाही, आणि पुष्कळांना तुमचं नाव वाचताही येत नाही.

ही अडचण कोल्हापूरला नवी नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून मूकपट बनवत होते आणि त्यांची पोस्टर्सही स्वतः रंगवत होते. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर आज उरलेल्या भारतीय चित्रपट पोस्टरांपैकी सर्वात जुन्यांत गणलं जातं. रस्त्यावरून जाणाऱ्या, कदाचित अक्षरओळख नसलेल्या माणसाला चित्राकडे बघून थांबवायचं, हे त्यांचं काम. तुमच्या कव्हरचंही तेच, फक्त भिंत तळहाताएवढी झालीय.

बरं, मग चित्रात दाखवायचं काय?

खरा प्रश्न हाच. बाकी सगळी कारागिरी आहे.

समजा, तुमचा गेम कुस्तीवर आहे आणि नाव आहे ‘शड्डू’. (हा गेम मी समजावून सांगण्यापुरता घेतलाय. कुणी खरंच बनवत असेल तर आधी मला भेटा.) पहिला रफ हमखास असा येतो: मधे दोन पैलवान, मागे खासबाग मैदान, डावीकडे अंबाबाईचं शिखर, उजवीकडे रंकाळा, कोपऱ्यात तांबडा-पांढरा रस्सा आणि वर गदा. याला मी वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणतो. चौकातल्या फ्लेक्सवर जसे चाळीस कार्यकर्त्यांचे चेहरे असतात, कुणालाच वगळता येत नाही, तसं. फ्लेक्सचा तो हेतू असतो, कारण प्रत्येक चेहऱ्यामागे एक माणूस नाराज व्हायचा असतो. तुमच्या रंकाळ्याला राग येणार नाही. काढून टाका.

त्या रफमध्ये सगळी नामं आहेत: मैदान, शिखर, तलाव, रस्सा. क्रियापद एकही नाही. बघणाऱ्याला हवं असतं ते क्रियापद: या गेममध्ये मी करणार काय? लढणार, पळणार, बांधणार, लपणार, शोधणार, की पोटापाण्याचा हिशोब घालणार?

आता ‘शड्डू’मध्ये तुम्ही स्वतः कुस्ती खेळत असाल तर कव्हरवर एकच पैलवान पुरे. गुडघ्यात वाकलेला, मांडीवर पडणारा पंजा, उडालेली तांबडी माती, नजर थेट तुमच्याकडे. समोरचा पैलवान दाखवायचाच नाही, कारण समोर बघणारा उभा आहे. माती नुसती लाल रंगवू नका. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेल्या हौद्यातल्या मातीला ओलसर, जड रंग असतो. ती धुळीसारखी उडत नाही, ढेकळांनी उडते. तालमीत जाऊन एकदा बघून या.

पण तुमचा गेम तालीम चालवण्याचा असेल तर? पोरांचा खुराक, दूध-बदामाचा खर्च, कुठल्या जत्रेतल्या मैदानात कुणाला उतरवायचं हे ठरवणं. तेव्हा हेच कव्हर चुकीचं. ते मारामारीचं आश्वासन देतं आणि आत निघते वही. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. ज्याला लढायचं होतं तो पंधराव्या मिनिटाला परत मागणार, वर वाईट शेरा लिहून जाणार, आणि ज्याला वही हवी होती तो कव्हर बघून कधीच पुढे निघून गेलेला असेल. इथे मी वस्तादाला पुढे घेईन: खांद्यावर टॉवेल, हातात वही, कपाळाला आठी. मागे जोर-बैठका मारणारी पोरं जरा वरच्या कोनातून, लहान. असले गेम बहुधा वरूनच दिसतात, त्यामुळे कोनही काम करतो.

रफ काढण्याआधी मी प्रत्येकाला एक वाक्य लिहायला लावतो: ‘या गेममध्ये तुम्ही अमुक होऊन तमुक करता.’ ज्यांना ते लिहिता येत नाही त्यांचं कव्हर अडलेलं नसतं, गेम अडलेला असतो. हे तोंडावर सांगितल्यामुळे माझी दोन कामं गेली.

सरळ गेममधलाच एखादा स्क्रीनशॉट लावला तर?

नको. स्क्रीनशॉट खेळणाऱ्यासाठी रचलेला असतो: चारी बाजूंना माहिती, माणूस बारका. पिक्सेल आर्टचा गेम असला तरी कव्हरसाठी तेच पात्र मोठं करून वेगळं काढा. शैली मात्र आतल्याशी जुळू दे. बाहेर तैलचित्र आणि आत १६ पिक्सेलचा माणूस, ही फसवणूक वाटते.

मोठ्या स्क्रीनवर झकास दिसतं, दुकानात गेलं की चिखल होतो. असं का?

कारण तुम्ही ते मोठं बघत बघत काढलंत. माझ्या पहिल्या कव्हरची गोष्ट सांगतो. पन्हाळ्यावरचा भुताचा गेम होता. मी तीन आठवडे तिथल्या ‘तीन दरवाजा’ नावाच्या दरवाज्याच्या कोरीव कामावर घालवले. प्रत्येक दगड, प्रत्येक वेलबुट्टी, वर धुकं. लहान करून मित्राला दाखवलं तर म्हणाला, “कोळसा हाय काय रं?” त्याचं काही चुकलं नव्हतं.

स्टीम तुमचं स्मॉल कॅप्सूल काही ठिकाणी १८४ × ६९ आणि १२० × ४५ पिक्सेलपर्यंत आक्रसून दाखवतं. ४५ पिक्सेल उंचीत कोरीव काम बसत नाही. एक आकृती आणि एक नाव बसतं. खरं तर स्मॉलमध्ये नावानेच बहुतेक जागा व्यापली पाहिजे, चित्र मागे रंगापुरतं.

आता मी काम उलटं करतो. आधी १२० × ४५ चा चौकोन उघडतो आणि त्यात जाड ब्रशने काळा, राखाडी, पांढरा या तीनच छटांत रफ काढतो. तिथे ओळखू आलं तरच मोठं करायचं. रंग नंतर. मधेच चित्र कृष्णधवल करून बघायचं: पात्र आणि मागचा देखावा एकाच राखाडीत मिसळले असतील तर नुसत्या रंगांनी ते वेगळे होणार नाहीत.

कुठले रंग खपतात?

खपणारा रंग असा काही नसतो. पण कव्हर कशावर मांडलं जाणार आहे ते बघा. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळसर-काळी आहे. तुमच्या चित्राच्या कडाही गडद निळ्या असतील तर चौकटच विरघळते आणि मधला उजेड तेवढा अधांतरी लटकतो. भुताच्या गेमवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं. भीतीसाठी काळाच लागतो असं कुणी सांगितलं? पन्हाळ्याचं सकाळचं धुकं पांढरं असतं आणि त्यात तीन पावलांवरचा माणूस दिसत नाही.

दुसरं, तुमच्याच प्रकारातले दहा-बारा गेम शोधा, त्यांची कव्हरं एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवा आणि मधे आपलं ठेवा. सगळे केशरी असतील तर तुम्ही केशरी होऊ नका. पण प्रकार ओळखू येणार नाही इतकेही लांब जाऊ नका.

नाव देवनागरीत ठेवू की रोमनमध्ये?

यावर पोरं भांडतात, म्हणून जरा लांबण लावतो.

मन देवनागरीकडे ओढतं, माझंही. पण स्टीमवरचा बहुतेक ग्राहक देवनागरी वाचत नाही. त्याला कव्हरवरचं नाव ही नक्षी वाटते, आणि जे वाचता आलं नाही ते तो शोधूही शकत नाही. म्हणून स्टीमच्या मूळ कव्हरवर रोमन. स्टीमवर वेगवेगळ्या भाषांसाठी वेगळी कॅप्सूल चढवता येतात, तर जिथे शक्य असेल तिथे दुसरी आवृत्ती करा. इचवर फक्त मराठी मंडळींसाठी फुकट गेम टाकत असाल तर बिनधास्त देवनागरी.

अक्षरांचा एक तांत्रिक भागही आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार येतात आणि खाली उकार. त्यामुळे तेवढ्याच उंचीत मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान होतं. ‘शड्डू’च घ्या: ‘ड’खाली ‘ड’, त्याखाली दीर्घ ऊकार. ४५ पिक्सेलमध्ये त्याची काळी गाठ होते. रोमनमध्ये सहा सुटी अक्षरं, आरामात वाचता येतात. देवनागरीच हवी असेल तर नाव ठरवतानाच जोडाक्षरं आणि उकार टाळा. ‘तालीम’ हे नाव कितीतरी सुटसुटीत बसतं.

आणि कृपा करून रोमन अक्षरांना वर शिरोरेषा ओढून ‘देशी’ करू नका. परदेशातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर ते ठीक आहे. तुमच्या गेमला त्याने वास कढीचा येतो.

फॉन्ट कुठला वापरू?

‘एक टाइप’ या मुंबईच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात, आणि बलू-मोदकचा जाडपणा कव्हरला उपयोगी पडतो. पण फॉन्ट टाइप करून तसाच सोडू नका. आउटलाइनमध्ये बदला, अक्षरं जवळ आणा, एखादं अक्षर कापा, वाढवा. गणपती मंडळांच्या आणि रिक्षांच्या मागच्या रंगवलेल्या अक्षरांकडे बघा. सजवलेल्या रिक्षांच्या स्पर्धा भरवणारं गाव आहे आपलं, धडे रस्त्यावर फिरतायत.

एक नेहमीची बोंब: जुन्या फोटोशॉपमध्ये ‘किल्ला’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाते आणि ‘ल्ल’चा पाय मोडून पडतो. सेटिंगमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा, सुटेल. कव्हर छापून आल्यावर कळलं तर मराठी माणूस हसतो आणि बाकीच्यांना कळतही नाही. हसलेलं जास्त लागतं.

“५० टक्के सूट”, “सर्वोत्कृष्ट गेम पुरस्कार” असं कव्हरवर लिहू का?

नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम स्पष्ट आहे: कॅप्सूलवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि असेल तर अधिकृत उपनाव, एवढंच. समीक्षकांचे तारे, पुरस्कारांची पानं, सवलतीची अक्षरं सगळं बाद. नियम मोडला तर गेम कमी ठिकाणी दिसतो आणि सेलच्या जाहिरातीत घेतला जात नाही. मोठं अपडेट आलं तर त्याची घोषणा करणारं तात्पुरतं कव्हर लावता येतं, जास्तीत जास्त महिनाभर.

कव्हरवर अंबाबाई किंवा शाहू महाराज चालतील का?

मी काढत नाही. ज्या चित्रावर कुणीतरी कंटाळून ‘दुर्लक्ष करा’चं बटण दाबणार, तिथे त्यांना कशाला बसवायचं?

एआयने काढलं तर?

गेममध्ये किंवा दुकानाच्या पानावर एआयने तयार केलेलं काही असेल तर ते स्टीमला अर्जात सांगावं लागतं आणि ती माहिती गेमच्या पानावर ग्राहकाला दिसते. २०२४ च्या जानेवारीपासून ही पद्धत आहे. लपवू नका. माझं मत विचाराल तर, मी चित्रांवर पोट भरणारा माणूस, तेव्हा ते निःपक्ष नसणारच. पण एक निरीक्षण: कोल्हापुरी चप्पल सांगितली की ही यंत्रं काहीतरी सँडल काढतात. कान नाहीत, वेणी नाही. आणि खरी चप्पल बघायला पापाच्या तिकटीच्या चप्पलबाजारात कधीही जाता येतं.

चित्रकाराला काय काय सांगायचं? हक्कांचं काय?

वर सांगितलेलं एक वाक्य, तुमच्या प्रकारातली आवडलेली आणि न आवडलेली तीन-तीन कव्हरं, खेळण्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ, आणि सगळ्या मापांची यादी. “काहीतरी भारी कर” ही सूचना नव्हे. मी तीन रफ देतो, एक निवडायचा, त्यावर दोन वेळा दुरुस्ती. निम्मे पैसे आधी. एका ग्राहकाने पूर्ण रंगवलेल्या चित्रावर “आता पैलवानाऐवजी बाई करूया” म्हटलं होतं, तेव्हापासून रफ मंजूर केल्याचं लेखी घेतो.

हक्कांचं कागदावर लिहाच, मित्र असला तरी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी सोपवावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जाणार. म्हणून ‘जगभर’ आणि ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द घाला. टी-शर्ट, पोस्टर छापायचे असतील तर तेही. चित्रकाराने आपल्या कामाच्या संग्रहात ते दाखवायचं की नाही, तेही एका ओळीत.

पैसेच नाहीत. मिसळ खाऊ घालतो, चालेल?

मिसळ खाईन, चित्र काढणार नाही.

पण मार्ग आहेत. क्रिता, इंकस्केप, ब्लेंडर ही चित्रं आणि थ्रीडी काढायची तिन्ही साधनं फुकट आहेत. चित्रकला येत नसेल तर चित्रावर भर देऊ नका: एक भक्कम काळी आकृती, एक रंग, आणि नीट घडवलेलं नाव. गेमचं थ्रीडी मॉडेल असेल तर तेच ब्लेंडरमध्ये चांगला उजेड टाकून उभं करा. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहेत. तिथल्या पोरांचा हात तयार असतो, गेमची मापं माहीत नसतात. ती तुम्ही द्या, आणि पैसेही द्या, थोडे का होईना. स्टीमला गेममागे १०० डॉलर भरताना आपण त्यांना मिसळीचं विचारत नाही.

मोबाइलचा गेम आहे. हेच सगळं लागू होतं?

तत्त्व तेच, आकार वेगळे. प्ले स्टोअरला ५१२ × ५१२ चा आयकॉन आणि १०२४ × ५०० चं आडवं चित्र लागतं. आयकॉनवर नाव लिहू नका, ते खाली येतंच. एक चेहरा किंवा एक वस्तू. इचवर ६३० × ५०० चं एक चित्र पुरतं.

कव्हर चालतंय की नाही हे कळायचं कसं?

प्रसिद्ध करण्याआधी: दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आपलं कव्हर इतरांमध्ये चिकटवा आणि चहाच्या गाड्यावर ओळख नसलेल्या माणसाला फोनवर दोन सेकंद दाखवा. फोन मागे घ्या आणि विचारा, “यात काय करायचं असेल?” “कसं वाटलं?” असं विचारू नका. कोल्हापूरकर तोंडावर “जगात भारी” म्हणतो आणि विषय संपवतो. त्याने क्रियापद सांगितलं तर तुमचं काम झालं. “कुस्तीचं कायतरी हाय” म्हणाला तर अर्धंच झालंय.

प्रसिद्ध केल्यावर: स्टीमच्या रहदारीच्या अहवालात चित्र किती वेळा दिसलं आणि त्यातून किती जण पानावर आले, हे कळतं. कव्हर बदललं तर त्याच आठवड्यात ट्रेलर, किंमत किंवा वर्णन बदलू नका, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं तेच कळणार नाही. सेल चालू असतानाचे आकडे साध्या आठवड्याशी ताडून बघू नका. प्ले स्टोअरवर दोन आयकॉन एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून बघण्याची सोय आहे, ती जरूर वापरा.

आकडे वाईट आले तर कव्हर बदलायला लाजू नका. पण दर पंधरा दिवसांनी बदललंत तर तुमचा गेम विशलिस्टमध्ये (नंतर घ्यायच्या यादीत) टाकून ठेवलेल्या माणसाला तो ओळखूच येणार नाही.

कव्हर कधी करायला घ्यायचं?

‘लवकरच येत आहे’चं पान उघडण्याआधी. ते पान किमान दोन आठवडे आधी असावंच लागतं, प्रत्यक्षात काही महिने आधी असलेलं बरं, आणि विशलिस्ट तिथूनच जमायला लागते. स्टीमची तपासणी तीन ते पाच कामाचे दिवस घेते, शनिवार-रविवार सोडून. गणपतीत मला फोन करू नका, आमच्या मंडळाचा देखावा असतो.

प्रत्यक्ष भेटून माझं कव्हर बघाल का?

बघेन. शनिवारी संध्याकाळी रंकाळ्यावर असतो. लॅपटॉप आणू नका, फोन पुरे. ब्राइटनेस निम्मा ठेवा.